जाहिराती वाढवल्या तरी वेबसाईटची कमाई वाढत नाही, उलट लोकं फसून राह्यले, काय करावं?

काळीमाती_दारव्हा

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. चार वर्षांपासून कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव अन् फवारणीची माहिती देणारी मराठी वेबसाईट चालवून राहिलो. सगळं एकटाच करतो, दिवसा वावर अन् रात्री लॅपटॉप. महिन्याला साधारण ४० हजार पेजव्ह्यू होतात. ॲडसेन्स (गूगलची जाहिरात सेवा) लावलेलं आहे, महिन्याला २०-२२ डॉलर पडतात, म्हणजे १०० डॉलर पूर्ण व्हायला चार-पाच महिने जातात तेव्हा कुठं बँकेत पैसे येतात.

दिवाळीच्या आधी वाटलं आता कापसाचा सीझन आहे, लोकं भाव पाहतात, कमाई वाढवून घ्यावी. म्हणून ऑटो ॲड्स, म्हणजे गूगल स्वतःच जागा ठरवून जाहिराती टाकते त्या, पूर्ण चालू केल्या, खाली चिकटून राहते ती पट्टी, पान बदलताना पूर्ण स्क्रीनवर येते ती, अन् मजकुरात पाच जाहिराती हातानं टाकल्या त्या वेगळ्या. पहिले आठ दिवस आकडा चांगला वाढला, मग जो उतरला तो उतरलाच, आता महिन्याचा हिशोब केला तर पहिल्यापेक्षा कमी आहे.

पण मी लिहून राहिलो त्याचं कारण वेगळंच आहे. परवा गावातल्या काकांचा फोन आला. म्हणे, "बापू, तुह्या साईटवर कर्जमाफीचं पाहाले गेलो, तिथं हिरवं बटन होतं 'आत्ताच अर्ज करा' म्हणून, मी दाबलं, त्यानं आधार मागतला, पॅन मागतलं, मी देऊन टाकलं, आता रोज फोन येऊन राह्यले." मी पान उघडून पाहिलं तर माझं हेडिंग 'कर्जमाफीची यादी कशी पाहावी' अन् त्याच्या बरोबर खाली लोन ॲपची जाहिरात. काकांना वाटलं हाच अर्ज आहे. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवून दाबलं. ती जाहिरात लगेच काढली पण मनातून जात नाही.

तर कमाई कशी वाढवावी, अन् हे असं पुन्हा होऊ नये यासाठी काय करावं, दोन्ही सांगा.

हिंगणघाटचा_राहणारा

भाऊ आधी काकांचं पाहा, बाकी सगळं नंतर. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, त्यावर फोन करून तक्रार नोंदवा, बँकेत जाऊन सांगा की कागदं दिल्या गेली आहेत, अन् आधारच्या साईटवरून बायोमेट्रिक लॉक करून द्या, पाच मिनिटांचं काम आहे. त्या ॲपला फोनमध्ये कॉन्टॅक्ट अन् फोटोची परवानगी दिली असेल तर ती काढा अन् ॲप डिलीट करा. हे आज करा, उद्यावर टाकू नका.

आता जाहिरातीचं. तुमचा हिशोब आधी मांडू. २२ डॉलर भागिले ४० हजार, गुणिले १०००, म्हणजे हजार पानांमागं ५५ सेंट. यालाच पेज आरपीएम म्हणतात अन् तुम्ही रोज बघायचा आकडा हा आहे, डॉलरचा नाही. डॉलर तर ट्रॅफिक वाढलं तरी वाढतात, पण एका पानाची किंमत वाढून राह्यली की घटून राह्यली ते आरपीएमच सांगते. अन् हा आकडा पूर्ण साईटचा एकत्र पाहू नका, ॲनालिटिक्स (वाचक मोजायचं गूगलचं साधन) जोडून पानापानाचा पाहा. मी पैज लावतो की तुमच्या भावाच्या पानांचा आरपीएम सगळ्यात कमी असेल. माणूस येते, आजचा भाव पाहते, वीस सेकंदात निघून जाते. त्याला जाहिरात दिसायच्या आधीच तो गेला.

जाहिराती वाढवून कमाई का घटली त्याचं कारण असं की २०२४ पासून ॲडसेन्स क्लिकऐवजी जाहिरात दाखवण्यावर पैसे देते. मग वाटते की जितक्या जास्त दाखवल्या तितके पैसे. पण प्रत्येक जागेसाठी आतमध्ये लिलाव होते, अन् बोली लावणारा हे पाहते की ती जागा खरंच कोणाच्या डोळ्यासमोर येते का. पानावर दहा जागा केल्या अन् त्यातल्या सहा कोणी पाहिल्याच नाही तर त्या सहांना कवडीमोल बोली येते. वरून पान जड झालं, भाव पाहणारा वैतागला, दुसऱ्या साईटवर गेला. चुकून लागलेल्या क्लिकचे पैसे नंतर कापून घेतात ते वेगळंच. पहिल्या आठवड्यात वाढलं अन् मग उतरलं, त्यातलं काही याच कापणीचं असू शकते.

माझं ऐकाल तर हे करा. पूर्ण स्क्रीनवाली बंद. हातानं टाकलेल्या पाचपैकी दोन ठेवा, एक पहिल्या दोन परिच्छेदांनंतर, एक शेवटी. हेडिंगच्या लगेच खाली कधीच नाही, बटनाजवळ नाही, 'डाउनलोड' किंवा 'यादी पाहा' शब्दाजवळ तर बिलकूल नाही. ॲडसेन्सच्या नियमातच आहे की जाहिरात ही मजकुरासारखी किंवा मेनूसारखी वाटली नाही पाहिजे, अन् तिच्यावर शीर्षक द्यायचंच तर 'जाहिराती' नाहीतर 'प्रायोजित लिंक' एवढंच चालते. 'उपयुक्त माहिती' असं लिहून खाली जाहिरात टाकणारे लय आहेत, त्यांचं खातं कधीही जाऊ शकते.

मोबाईलवर जाहिरातींची उंची एकूण मजकुराच्या ३० टक्क्यांच्या वर गेली तर क्रोम ब्राउझर ती साईट त्रासदायक धरू शकते, अन् मग जाहिराती दाखवणंच थांबवू शकते. अन् जाहिरातीच्या जागेला उंची आधीच ठरवून द्या. नाहीतर काय होते, माणूस वाचून राह्यला, वरून जाहिरात लोड होते, मजकूर खाली सरकते अन् त्याचं बोट भलत्याच जागी पडते. काकांचं तसं झालं नसेल, पण बाकीच्यांचं होत असेल.

तपासायचं असेल तर लॅपटॉपवर तपासू नका. सहा-सात हजाराचा फोन घ्या, वावरात जिथं टॉवरची एकच काडी येते तिथं उभे राहा, अन् आपली साईट उघडा. भाव दिसायला किती वेळ लागते ते मनात मोजा. तुमचा वाचक तिथंच उभा आहे.

काळीमाती_दारव्हा

दादा लय आभार. काकांकडे आत्ता जाऊन आलो, १९३० वर तक्रार केली, बँकेत उद्या सकाळी त्यांना घेऊन जातो. आरपीएम पाहिला, तुम्ही म्हणता तसंच आहे, भावाच्या पानाचा ३० सेंटच्या आसपास अन् बोंडअळीच्या पानाचा दीड डॉलरच्या वर. मला हे आजपर्यंत माहीतच नव्हतं.

पोरगा_पुसदचा

भाऊ आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, ४० जण आहेत, सगळे एकमेकांच्या साईटवर रोज जाऊन दोन-दोन क्लिक करतात, तुम्हाला ॲड करू का? सोपं आहे अन् खर्च नाही.

आर्वीवाला

पुसदच्या भावा, हात जोडून सांगतो, हे बंद कर. मी कॉलेजमध्ये असताना नेमकं हेच केलं होतं. होस्टेलच्या बारा पोरांनी रोज माझ्या साईटवर क्लिक केले. एकच वायफाय, तेच तेच फोन, तेच ब्लॉगचे चार पानं. तीन महिने काही झालं नाही म्हणून वाटलं कोणाला कळत नाही. ८७ डॉलर जमले होते, १०० व्हायच्या आधीच खातं बंद. पैसे जाहिरातदारांना परत गेले, अपील केलं, नामंजूर झालं. नवीन खातं काढायला गेलो तर तेही चालत नाही. आज सहा वर्षं झाली, चांगली साईट आहे, ट्रॅफिक आहे, पण ॲडसेन्स मला कधीच भेटणार नाही. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नाही. ज्या बियाण्याच्या दुकानदारानं, ड्रिपवाल्यानं पैसे भरून ती जाहिरात दिली त्याचे पैसे आम्ही खाऊन राह्यलो होतो, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांना हे वाचायला दे.

वरूडची_ताई

मी वरूड, जिल्हा अमरावती. संत्र्यावर साईट चालवते, सहावं वर्ष आहे. काळीमाती भाऊ, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं कारण मीही सुरुवातीला फक्त भाव टाकत होते अन् तुमच्यासारखीच अडकली होती.

मला फरक पडला तो लिहिण्याच्या वेळेनं. आमच्याकडे आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत अन् मृग बहाराची जून-जुलैत येतात. मृगासाठी झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, ते एप्रिल-मेमध्ये. मग ताण किती दिवस द्यावा, हलक्या जमिनीत किती अन् भारी जमिनीत किती, हे पान मी एप्रिलमध्ये लिहीत होते तेव्हा कोणी वाचत नव्हतं, कारण सर्चमध्ये वर यायलाच दीड-दोन महिने लागतात. आता तेच पान फेब्रुवारीत तयार असते. तुम्हीही कापसाचं, सोयाबीनचं असं कॅलेंडर भिंतीवर लावा, लोकाला प्रश्न पडायच्या दोन महिने आधी उत्तर लिहून ठेवा. अन् दरवर्षी नवीन पान काढू नका, त्याच पानात दुरुस्ती करा, जुन्या लिंकची ताकद राहते.

दुसरं म्हणजे ज्या पानावर माणूस विचार करायला थांबते ते पान कमावते. माझं 'जंबेरी की रंगपूर' हे पान आहे, संत्र्याची कलम कोणत्या खुंटावर घ्यावी यावर. लोकं ते पूर्ण वाचतात, घरच्याला वाचून दाखवतात, कारण त्यांना पंचवीस-तीस वर्षांचा बगीचा लावायचा असते. तिथं ड्रिप, रोपवाटिका, सोलर पंप, ट्रॅक्टर यांच्या जाहिराती येतात अन् त्यांची बोली चांगली असते. तुमच्याकडे तर विषय पडलेच आहेत. सीसीआयचंच घ्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणारं सरकारी कापूस महामंडळ. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता, तो ८ टक्के ओलाव्याला. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला १ टक्का भाव कमी, म्हणजे ८१ रुपये १० पैसे. कापूस १० टक्के ओला निघाला तर १६२ रुपये २० पैसे कापून ७९४७ रुपये ८० पैसे, अन् १२ टक्क्यांच्या वर असला तर घेतच नाहीत, गाडी वापस. हा हिशोब किती लोकाला पाठ आहे? सकाळी दवात वेचलेला कापूस अन् दुपारी वेचलेला यात काय फरक पडते, गंजी कशी लावावी, घरी ओलावा कसा ओळखावा, हे एका पानावर तक्त्यासकट लिहा. भावाच्या पानावर खाली एकच ओळ टाका, 'तुमच्या कापसाला ओलाव्यानुसार किती भाव पडेल ते पाहा'. वीस सेकंदात जाणारा माणूस पाच मिनिटं थांबते. माझ्याकडे तरी एका वाचकामागं पानं सव्वाची दोन झाली अन् कमाई तिथूनच वाढली, नवीन एकही जाहिरात न टाकता.

ॲडसेन्समध्ये ब्लॉकिंग कंट्रोल्स म्हणून भाग आहे, तिथं जाऊन फायनान्सखालची कर्जाची कॅटेगरी बंद करा, झटपट श्रीमंत व्हा वाली बंद करा, भविष्य-वशीकरणवाली बंद करा. थोडे सेंट कमी होतील. होऊ द्या. दर आठवड्याला ॲड रिव्ह्यू सेंटर उघडून कोणत्या जाहिराती आल्या त्यावर नजर टाका, एखादी वाईट वाटली तर तिथूनच अडवता येते. मी सोमवारी सकाळी चहा पिताना हेच करते.

नवीन_अंजनगाव

मधेच विचारतो, माफ करा. माझे १० डॉलर झाले म्हणून ॲडसेन्सनं पत्ता तपासायला पिनचं पत्र पाठवलं असं दाखवून राह्यलं, दीड महिना झाला, पत्र नाही. खेड्यात राहतो, घर नंबर नाही.

वरूडची_ताई

पत्त्यात गावाचं नाव, मग पोस्ट कोणतं, तालुका, जिल्हा, पिनकोड असं लिहा, अन् घरमालकाचं नाव किंवा 'मारुती मंदिराजवळ' असं काही टाका. पत्ता दुरुस्त करून पिन पुन्हा मागवा. अन् पोस्टमन दादाला आधीच सांगून ठेवा की साधं पाकीट येणार आहे, बाहेरून आलेलं, कारण ते रजिस्टर नसते, सहीचं नसते, कोणाच्याही घरी पडून राहते. माझं पत्र किराणा दुकानातल्या रद्दीत सापडलं होतं. चार महिन्यांत पिन टाकला नाही तर जाहिराती दिसणं थांबते, पण टाकला की पुन्हा सुरू होतात, घाबरू नका.

नवीन_अंजनगाव

धन्यवाद ताई, उद्याच पोस्टात जातो.

वणीकर

ताईनं एक गोष्ट सांगितली नाही ती मी सांगतो, ताईची साईट मी वाचतो म्हणून माहीत आहे. तिच्याकडे रोपवाटिकांच्या थेट जाहिराती आहेत. काळीमाती भाऊ, तुमचा खरा पैसा तिथं आहे. ॲडसेन्समध्ये जाहिरातदारानं दिलेल्या १०० रुपयातले साधारण ६८ तुमच्यापर्यंत येतात, थेट दुकानदाराकडून घेतले तर १०० चे १०० तुमचे. अन् दारव्ह्याच्या कृषी केंद्रवाल्याला पुण्या-मुंबईचा वाचक नको, त्याला दारव्हा, दिग्रस, आर्णी, नेर इथलेच लोकं पाहिजेत, ते तुमच्याकडे आहेत. ॲनालिटिक्समध्ये शहर अन् तालुक्यानुसार वाचक काढा, एका कागदावर प्रिंट मारा, अन् जाऊन भेटा. मी माझ्या साईटसाठी असाच कागद घेऊन फिरलो, सात दुकानं झाली तेव्हा आठव्यानं हो म्हटलं. महिन्याला १५०० रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. त्या एकट्यानं माझ्या दोन महिन्यांच्या ॲडसेन्सएवढं दिलं.

पण इथं सांभाळा. मागच्या मे महिन्यात एकानं फोन करून १५ हजार देतो म्हटलं, एका कापूस बियाण्याची जाहिरात लावा म्हणे, तणनाशक मारलं तरी पीक मरत नाही असं बियाणं. त्या बियाण्याला आपल्याकडे परवानगीच नाही. पाकिटावर कंपनीचं धड नाव नसते, बिल भेटत नाही, उगवलं नाही तर शेतकऱ्यानं तक्रार कुठं करावी? १५ हजार म्हणजे माझ्यासाठी लय होते, पोरीची फी भरायची होती. तरी नाही म्हटलं. तेव्हापासून एक नियम केला, बियाणं, खत, औषध यापैकी काहीही असो, आधी दुकानाच्या परवान्याची झेरॉक्स घेतो, मग जाहिरात. खऱ्या दुकानदाराला याचा राग येत नाही, तो लगेच काढून देतो.

थेट जाहिरातीवर ठळक अक्षरात 'जाहिरात' लिहा, अन् तिच्या लिंकला स्पॉन्सर्ड असा टॅग कोडमध्ये टाका, नाहीतर पैसे घेऊन लिंक दिली म्हणून सर्चमध्ये साईट खाली जाते. पावती द्या, वहीत लिहा. अन् हे उत्पन्न शेतीचं नाही. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही म्हणून लोकं हेही त्यातच दाखवतात, ते चुकीचं आहे, रिटर्नमध्ये वेगळं दाखवायचं.

हिंगणघाटचा_राहणारा

वणीकर दादाशी पूर्ण सहमत. एक जोडतो. जानेवारीत आकडा पडला तर घाबरून पुन्हा जाहिराती वाढवू नका, दिवाळी ते डिसेंबर कंपन्या जास्त खर्च करतात अन् जानेवारीत हात आखडतात, दरवर्षीचं आहे. तुलना करायची तर मागच्या जानेवारीशी करा.

काळीमाती_दारव्हा

मंडळी, पाच आठवड्यांनी लिहून राहिलो, उशीर झाला.

जाहिराती दोनवर आणल्या. कर्जाची कॅटेगरी बंद केली. कर्जमाफी, पीक विमा, अनुदान या सगळ्या पानांवरून जाहिरात पूर्ण काढून टाकली, तिथं एकही नाही, कारण त्या पानावर येणारा माणूस अडचणीत असते अन् काहीही दाबते. ओलाव्याचं पान लिहिलं, तक्ता टाकला, ८ पासून १२ टक्क्यांपर्यंत. ते सकाळच्या भावासोबत व्हॉट्सॲप चॅनेलवर टाकलं तर एका केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या गाडीवाल्यांनी एकमेकाला पाठवलं, त्या दिवशी साईटवर आजवरचे सगळ्यात जास्त लोकं होते. आरपीएम ५५ सेंटचा ८० च्या जवळ आला, जाहिराती निम्म्याहून कमी असताना.

दुकानं पाच झाली, चौघं नाही म्हणाले, एक म्हणते संक्रांतीनंतर ये. कागद त्याच्याकडे ठेवून आलो, परवान्याची झेरॉक्स मागितली तर त्यानं काऊंटरवरची फ्रेमच काढून हातात दिली, फोटो काढून घे म्हणे.

काकांना फोन येणं जवळपास बंद झालं, बँकेतून काही गेलं नाही. काल मी स्वतः त्यांच्या घरी बसून त्यांच्या फोनवर साईट उघडून दाखवली, जाहिरात कुठं आहे अन् माझं लिहिलेलं कुठं आहे ते बोट लावून दाखवलं. ते म्हणाले अक्षरं अजून मोठे कर. आज रात्री तेच करून राहिलो, १६ चं १९ केलं आहे, पण मग तक्ता मोबाईलच्या बाहेर चालला. कोणाला माहीत असेल तर सांगा.

वरूडची_ताई

तक्ता आडवा नको, उभा करा. प्रत्येक टक्क्याची एक ओळ, डावीकडे ओलावा, उजवीकडे भाव, दोनच रकाने. मला पान पाठवा, रात्री पाहून देते.